पॅड बांधून बसलेला मुलगा

१९८८ साली कळव्याहून बँकेत जाताना लोकलच्या डब्यात आमचा एकच वाद चाले: शारदाश्रमच्या पोरांत पहिला नंबर कुणाचा? हॅरिस शील्डमध्ये विनोद आणि सचिन यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली होती. विनोद ३४९, सचिन ३२६. पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार मात्र पॅड बांधून बसूनच राहिला. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या, पण भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. आम्ही आमच्या यादीतून त्याचे नाव खोडून टाकले. २०२५ मध्ये याच मुजुमदारांच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

खात्याची शिल्लक वर्षअखेरीस काढतात. चौदा-पंधराव्या वर्षी पोरांचा हिशेब मिटवण्याची आपल्याला एवढी घाई का?