विश्लेषण : खिशातला घडीचा चाकू घेताना पोलाद पाहावे की लॉक?

ऑनलाइन जाहिरातीत पोलादाचे नाव ठळक असते, लॉकची माहिती मात्र तळाशी कुठेतरी. बोट वाचवण्याचे काम लॉक करते. आणि चाकू खिशात बाळगता येईल की नाही, हे कायदा ठरवतो.

धानाच्या पोत्याची सुतळी कापायची असो, ट्रेकला दोरी तोडायची असो की प्रवासात सफरचंद चिरायचे असो, घडीचा चाकू सोयीचा पडतो. मोबाइलवर शोधले की काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे पर्याय समोर येतात. सोबत 'डी२', '४४०सी', 'लायनर लॉक' असे शब्द. मे २०१८ मध्ये औरंगाबादमध्ये (आताचे छत्रपती संभाजीनगर) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी व चाकू पोलिसांनी जप्त केले होते. त्यामुळे 'कार्ट'मध्ये टाकण्याआधी तीन गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे : पोलाद, लॉक आणि कायदा.

चिखल्याचा चाकूशी काय संबंध?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला येथे 'मॉईल' या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. कंपनीचा इतिहास १८९६ पर्यंत मागे जातो. १९६२ मध्ये 'मॉईल'ची स्थापना झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. मुख्यालय नागपुरात आहे.

मँगनीजचा सर्वाधिक वापर पोलादात होतो. लोखंडात गंधक राहिले तर ते तापवून ठोकताना तडकते. मँगनीज या गंधकाला बांधून ठेवते, ऑक्सिजन काढून टाकते आणि पोलादाला पाणी देताना ते नीट कठीण होण्यास मदत करते. १८५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी मँगनीजयुक्त मिश्रण घालून बेसेमर पद्धतीचे ठिसूळ पोलाद वापरण्याजोगे केले. आज चाकूच्या बहुतेक पोलादांत साधारण ०.३ ते १ टक्का मँगनीज असते. गावातला लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून विळे-कुऱ्हाडी घडवतो, तेही बहुधा सिलिकॉन-मँगनीज पोलादच असते.

पोलादाच्या नावांचा अर्थ काय?

तीन गुण लक्षात ठेवा : धार किती टिकते, पाते किती चिवट आहे आणि गंज किती लागतो. तिन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. कार्बन वाढला की पाते कठीण होते, पण ठिसूळपणाही वाढतो. क्रोमियम वाढले की गंज कमी लागतो.

* ४२० : कार्बन कमी. गंज कमी लागतो, धार लवकर जाते, पण घरच्या दगडावर पटकन परत येते.
* ४४०सी : कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम १६ ते १८ टक्के. मात्र जाहिरातीत नुसते '४४०' लिहिले असेल तर सावध राहा. '४४०ए' हे कमी कार्बनचे पोलादही याच नावाखाली खपवले जाते.
* ८सीआर१३एमओव्ही : चिनी पोलाद. कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १३ टक्के. स्वस्त चाकूंत समाधानकारक.
* डी२ : मुळात कारखान्यातील साच्यांसाठीचे पोलाद. कार्बन सुमारे दीड टक्का, त्यामुळे धार खूप टिकते. क्रोमियम १२ टक्के असले तरी त्यातील बराच भाग कार्बनशी बांधला जातो. म्हणून ते पूर्ण 'स्टेनलेस' नाही, आणि धार लावायलाही वेळ लागतो.
* १२सी२७ आणि १४सी२८एन : स्वीडिश स्टेनलेस पोलादे. तिन्ही गुणांचा चांगला समतोल.

'सर्जिकल स्टील' किंवा 'जर्मन स्टील' एवढ्याच शब्दांवरून पात्याची प्रत कळत नाही. शिवाय तेच पोलाद एका कारखान्यात नीट तापवून थंड केलेले असते, दुसऱ्यात नसते. म्हणून 'एचआरसी' हा काठिण्याचा आकडा दिला आहे का, ते पाहा. स्विस आर्मी चाकूचे पाते साधारण ५५-५६ एचआरसीचे असते, डी२ सहसा ६० च्या आसपास. मोठा आकडा म्हणजे चांगला चाकू असे नाही. ज्याच्याकडे धार लावायला साधा दगडच आहे, त्याला थोडे मऊ पाते अधिक उपयोगी पडते.

लॉकचे प्रकार कोणते?

* स्लिपजॉइंट : यात लॉक नसतेच. पाठीच्या स्प्रिंगचा दाब पाते उघडे ठेवतो. फळे, पाकिटे, सुतळी यांसाठी पुरेसे. टोकावर जोर दिला तर पाते बोटांवर मिटू शकते.
* बॅक लॉक : मुठीच्या पाठीवरील पट्टी पात्याच्या खाचेत बसते. मजबूत, आणि डावखुऱ्यांनाही सोयीचे.
* लायनर लॉक : मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाशी सरकून अडते. एका हाताने मिटवता येते. पण पट्टी पातळ असेल किंवा झिजली असेल तर घसरते.
* फ्रेम लॉक : तत्त्व तेच, पण इथे मुठीची जाड धातूची बाजूच पाते अडवते.
* रिंग लॉक : फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवर १९५५ पासून असलेली फिरती कडी. साधी आणि भरवशाची, मात्र ती आठवणीने फिरवावी लागते.

लॉक पक्के आहे हे कसे ओळखावे?

चाकू हातात आल्यावर पाते पूर्ण उघडा. पाते मिटण्याच्या मार्गात बोट येणार नाही अशी मूठ धरा आणि पात्याची बोथट पाठ लाकडावर हळूहळू दाबा. आपटू नका. पाते मिटू लागले तर चाकू परत करा. पाते वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हलते का, तेही पाहा. लायनर लॉकची पट्टी पात्याच्या बुडावर नीट टेकलेली असावी. ती पार पलीकडच्या टोकाला पोहोचली असेल तर झीज झाली समजा. खिशातला कचरा खाचेत साचला तरी लॉक अर्धवट बसते, म्हणून ती अधूनमधून साफ करावी.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या पाचव्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधने यातून वगळली आहेत. खिशातल्या चाकूचे पाते सहसा ३ ते ४ इंचांचे असते.

पण म्हणून तो कुठेही नेता येतो असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश काढले जातात. त्यात चाकू, काठ्यासुद्धा बाळगण्यास बंदी घालता येते. आदेश मोडल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इथे पात्याची लांबी हा बचाव ठरत नाही. बटण दाबताच उघडणारे चाकू टाळणेच बरे. दिल्लीत ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब व १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद पात्याच्या बटणदार चाकूंबाबत १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे. विमानप्रवासात चाकू केबिन बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानात ठेवावा.

मग निवड कशी करावी?

आधी काम ठरवा. फळे आणि सुतळी एवढेच काम असेल तर स्लिपजॉइंट आणि साधे स्टेनलेस पाते पुरे. दोरखंड, फांद्या, पॅकिंगच्या पट्ट्या असे जोर लागणारे काम असेल तर लॉक हवेच. बॅक लॉक किंवा जाड पट्टीचे लायनर लॉक घ्या. भंडाऱ्यासारख्या धानाच्या, भर पावसाच्या जिल्ह्यात डी२ पेक्षा स्टेनलेस पोलाद कमी त्रासाचे. डी२ घेतलाच तर वापरानंतर पुसून तेलाचा हात द्यावा. बजेट कमी पडत असेल तर पोलादात एक पायरी खाली उतरा, लॉकमध्ये नको. बोथट पात्याला पुन्हा धार लावता येते, पण लॉक निसटले तर थेट बोटावर बेतते.