एक्स्प्लेनर : कर्ज नसणं हेही सुखच! बुद्धांनी सांगितलेली चार सुखं आणि पाटोद्याची उचल

पाटोदा : आषाढ पौर्णिमेला सुरू होणारा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत राज्यभरातल्या अनेक बुद्धविहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. ग्रंथ मिटतो आणि त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात ऊसतोडीला निघायची बांधाबांध सुरू होते. विहारात ऐकलेलं सुख उसाच्या फडात टिकतं का?

चार सुखं कोणती?

बुद्ध फक्त भिक्खूंशीच बोलले, हा गैरसमज आहे. अंगुत्तर निकायात त्यांनी अनाथपिंडिक या गृहस्थाला संसारी माणसाची चार सुखं सांगितली आहेत.

१. अत्थिसुख : घाम गाळून, सचोटीने कमावलेलं जवळ असणं.
२. भोगसुख : ती कमाई स्वतः उपभोगणं आणि तिच्यातून दान करणं.
३. अनणसुख : कुणाचंही लहानमोठं देणं नसणं.
४. अनवज्जसुख : काया, वाचा आणि मनाने निर्दोष जगणं. हे चौथं सुख सर्वांत मोठं.

उचलीशी याचा काय संबंध?

हंगामाआधी मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल मिळते. ती तोडणीच्या मजुरीतून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. घाम गाळूनही पहिलं सुख हाती लागत नाही, कारण तिसरं आधीच गहाण पडलेलं असतं. ऊसतोड कामगार सगळ्या जातीधर्मांचे आहेत आणि हे गणित सगळ्यांना सारखंच लागू आहे.

मग ध्यानाचं काय?

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसतं, खर्च दानातून चालतो. श्वासाकडे पाहायला शिकलेलं मन रागात, व्यसनात वाहवत जात नाही. हा लाभ खरा आहे. पण 'मन शांत ठेवा' एवढंच कर्जात बुडालेल्या माणसाला सांगणं म्हणजे जखमेवर फुंकर घालून निघून जाणं.

बाबासाहेबांचा मार्ग कोणता?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व माणसांना समान मानण्याचीही आहे. म्हणजे स्वतःला सावरायचं आणि समाजही बदलायचा. त्यांच्या धम्मात ही दोन्ही कामं सोबत चालतात.

म्हणूनच वर्षावासाच्या समारोपाला पाटोद्यातल्या विहारांत वंदनेनंतर एक वहीही उघडावी. किती उचल घेतली, किती फिटली, बाकी किती, हे प्रत्येक जोडीच्या नावापुढे लिहावं. नवऱ्याबरोबर बायकोलाही तो हिशेब वाचून दाखवावा, कारण कोयता दोघं चालवतात. तिसऱ्या सुखाची सुरुवात तिथूनच होईल.