लंडनला जा, लॉर्ड्सही पहा!

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता परदेशवारी करू लागली आहेत. मुले-मुली शिकली, नोकरीनिमित्त साता समुद्रापार गेली आणि सुट्टीत आईवडिलांना बोलावू लागली. लंडनला गेलेला आपला माणूस १०, किंग हेन्रीज रोड या वास्तूसमोर नतमस्तक होतो. १९२१-२२ साली विद्यार्थी असताना बाबासाहेब तेथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ती वास्तू विकत घेतली. तेथे गेलेच पाहिजे. पण तेथून साधारण अर्ध्या तासाच्या चालीवर लॉर्ड्सचे क्रिकेट मैदान आहे. तेथे दिवसभर बसून सामना पाहायचा म्हटले की आपल्याच काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. समाज हालअपेष्टा भोगत असताना ही चैन कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवालच चुकीचा आहे. सुट्टी ही चैन नव्हे, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. तो कायद्यात कोणी आणला? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनीच! १९४५ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने सलग बारा महिने राबलेल्या कामगाराला वर्षाला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्यांच्या बापजाद्यांना सणासुदीलाही गावकीच्या कामातून सुटका नव्हती, त्यांच्या नातवंडांनी हक्काच्या रजेत खेळाचा आनंद लुटला तर बिघडले कुठे?

लॉर्ड्सशी आपले आणखी एक नाते आहे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि लॉर्ड्सवरही खेळला. तो संघ बहुतेक सामने हरला. पण त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा डावखुरा गोलंदाज होता पळवणकर बाळू, जातीने चांभार! पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखणारा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा हा माणूस. पुण्याच्या हिंदू संघाने त्याची गोलंदाजी घेतली, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! आणि इतकी वर्षे बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

बाळूंना आपणही विसरलो. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. तो राजकीय विरोध विसरण्याचे कारण नाही. पण त्यापायी मैदानावरची त्यांची लढाई पुसून टाकायची काय? लॉर्ड्सच्या हिरवळीवर नजर टाकताना मुलांना हे नाव सांगा.

इंग्रजांची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. लॉर्ड्सचे मालक असलेल्या एमसीसीने स्त्रियांना सभासदत्व द्यायला १९९८ साल उजाडावे लागले. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये वंशभेद, लिंगभेद व वर्गभेद खोलवर रुजले आहेत, असा अहवाल स्वतंत्र आयोगाने २०२३ साली दिला. पण तो आयोग तेथील क्रिकेट मंडळानेच नेमला होता. अहवाल जाहीर झाला आणि मंडळाने माफीही मागितली. जगातल्या सर्वात श्रीमंत अशा आपल्या क्रिकेट मंडळाने जातीचा प्रश्न असा चव्हाट्यावर मांडण्याची हिंमत दाखवावी!

लॉर्ड्स आणि किंग हेन्रीज रोड यांच्या आसपास रीजंट्स पार्क आणि प्रिमरोझ हिल पसरले आहेत. तेथे हिरवळीवर कोणीही जाऊन बसतो, पोरे चेंडू खेळतात, कोणी जात-गोत विचारत नाही. आपल्या मुंबईत मात्र मरीन ड्राइव्हला हिंदू, इस्लाम, पारशी असे धर्मवार जिमखाने समुद्राकाठी ऐसपैस बसले आहेत आणि वस्तीतले पोर गटाराशेजारच्या बोळात प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळते आहे.

म्हणून बांधवहो, परदेशात जा, मनमुराद सामने पहा, टाळ्या वाजवा. तेथून येताना चॉकलेटे जरूर आणा. पण त्यासोबत वस्तीतल्या पोरांसाठी चांगली बॅट आणि चार सीझनचे चेंडूही आणा. आणि आल्यावर नगरसेवकाच्या दारात उभे राहून विचारा : आमच्या मुलांचे मैदान कुठे आहे?