शाई तुमच्या बोटाला, तिकीट कोणाला?

मतदान झाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: शहरी मतदार पुन्हा घरीच बसला. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राचे मतदान 66 टक्क्यांवर गेले. 1995 नंतर एवढे मतदान झाले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्याने 76 टक्के ओलांडले, मुंबईतला कुलाबा मतदारसंघ मात्र 44 च्या आसपास घुटमळला. मग अग्रलेख येतात, सुखवस्तू वस्त्यांना चार शब्द सुनावले जातात, जोडून आलेल्या सुट्टीवर खापर फुटते आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत विषय मिटतो. माझा आक्षेप या निदानालाच आहे. मतदाराला एकदा आळशी ठरवले की उपायही आळशी माणसाला लावायचेच सुचतात: उपदेश, दटावणी, नाहीतर लाडीगोडी.

उपदेशाचे काम निवडणूक आयोग 2009 पासून ‘स्वीप’ या नावाने करतो आहे. कलाकारांची आवाहने झाली, प्रभातफेऱ्या झाल्या, 2024 मध्ये मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात मतदान केंद्रेसुद्धा आली. काहीच फरक पडला नाही असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण जो येत नव्हता तो केंद्र लांब होते म्हणून येत नव्हता, हे गृहीतक काही खरे ठरले नाही. दटावणीचा प्रयोग गुजरातने करून पाहिला. स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक 2009 मध्ये विधानसभेत संमत झाले, त्याला राज्यपालांची मंजुरी मिळायला 2014 उजाडले आणि 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ते बरेच झाले. ज्या पानात काय वाढायचे ते दुसऱ्यांनी ठरवले आहे, त्या पानावर बळेच बसवून ‘जेवलाच पाहिजेस’ म्हणायचे, यात लोकशाही कुठली?

उरला ‘नोटा’. सुशिक्षितांचा हा सर्वांत लाडका युक्तिवाद आहे: सगळे सारखेच, तेव्हा कोणीच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने हे बटण आले, आणि आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांपुरते आणखी पुढे जाऊन सांगितले की नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक होईल. ऐकायला छान. पण फेरनिवडणुकीत उभे कोण राहणार? उमेदवार पुन्हा पक्षच देणार. नोटा नकार देतो, नाव सुचवत नाही. अंधेरी पूर्वची 2022 ची पोटनिवडणूक आठवा. प्रमुख प्रतिस्पर्धी पक्षाने उमेदवार मागे घेतला, लढतीत राम उरला नाही, मतदान 32 टक्क्यांच्याही खाली गेले. नोटाला 12,806 मते पडली आणि तो चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढे काय झाले? काही नाही. विजयी उमेदवार आमदार झाल्या, आणि त्या बारा हजारांचा पुढे कधी कोणाला हिशेब द्यावा लागला नाही.

या प्रसंगातून मला मात्र वेगळीच गोष्ट दिसते. लढत मेली की मतदान मरते, आणि लढत ठेवायची की नाही हे मतदार ठरवत नाही, पक्ष ठरवतो. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांत कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत नगरसेवक बिनविरोध निवडून आले. त्या प्रभागांतल्या उत्साही मतदारानेही काय करायचे होते? त्या जागांसाठी मत देण्याची वेळच आली नाही. त्याच्या वाट्याचा निर्णय अर्ज भरण्याच्या आणि मागे घेण्याच्या दिवसांतच उरकला होता. उमेदवारी अर्जाची मुदत संपायला घटका उरल्या असताना पक्षाच्या कार्यालयाबाहेर एबी फॉर्मसाठी, म्हणजे अधिकृत उमेदवारीच्या कागदासाठी, जी धावाधाव चालते, खरी निवडणूक तीच. तिथे मतदार नसतोच. ज्याला आपण उदासीनता म्हणतो ती पुष्कळदा या अनुपस्थितीची सावली असते. तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे: मतदान वाढवायचे असेल तर मतदाराला आधी पक्षाच्या स्थानिक शाखेत, म्हणजे तिकिटाची चर्चा जिथून सुरू व्हायला हवी तिथे, जाऊन बसावे लागेल.

यावर पहिला प्रतिवाद येतो तो नागरिक मंचांकडून. ‘आम्ही राजकारण करत नाही, आम्ही प्रश्न सोडवतो.’ झाडे, पदपथ, नाले, टेकड्या यांसाठी या मंडळींनी केलेले काम मी कमी लेखत नाही. पण त्यांचे निवेदन शेवटी ज्याच्या टेबलावर जाते तो माणूस निवडताना हे कुठेच नसतात. गोरेगावातल्या मृणाल गोरे यांची वाट आठवून पाहावी. प्रश्न तोच होता, नळाला पाणी नाही. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडले. पण मृणालताई समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या, आणि ही ओळख त्यांनी कधी झाकली नाही. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत गेल्या, 1972 मध्ये विधानसभेत, 1977 मध्ये लोकसभेत. महागाईविरोधात बायकांनी लाटणी हातात घेतली तेव्हा त्यांच्या बरोबरीने कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर होत्या. पक्ष वेगळे, मोर्चा एक. हंड्याचा प्रश्न सभागृहापर्यंत नेणारी शिडी पक्षाची होती, आणि ती चढलेली बाई वस्तीच्या ओळखीची होती. अशा बाईला मत द्यायला चला म्हणून कोणाला प्रभातफेरीत सांगावे लागले असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला कोल्हापूर जिल्ह्यातला करवीरचा मतदारसंघ पाहा. 2024 ला तिथे जवळजवळ 85 टक्के मतदान झाले. करवीरचा माणूस कुलाब्याच्या माणसापेक्षा अधिक सद्गुणी आहे म्हणून? मुळीच नाही. दूध संस्था, सेवा सोसायटी, साखर कारखाना, ग्रामपंचायत असे करत वर्षभर तिथे कुठली ना कुठली निवडणूक चालू असते, आणि घरातला एक तरी माणूस कुठल्या तरी गटात असतो. या गटबाजीला पैशाचा आणि भावकीचा वास आहे, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी नऊला दार ठोठावून ‘काकू, अजून गेला नाहीत?’ म्हणणारा माणूस तिथे आहे. शहरातल्या टॉवरमध्ये त्या जागी मोबाइलवरचा संदेश आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, जो मला टाळायचा नाही. ‘पक्ष म्हणजे घराण्यांची खासगी मालमत्ता. तिथे सभासदाला विचारतो कोण?’ आक्षेप खरा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 ए प्रमाणे नोंदणी करताना पक्षाला संविधानावर निष्ठा जाहीर करावी लागते, पण अंतर्गत निवडणुका खरोखर घेतल्या की नाही हे पाहणारे दात त्या कायद्याला नाहीत. विधि आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा असे सुचवले. अहवाल कपाटात आहे.

पण याच आक्षेपाची दुसरी बाजू आपल्याच राज्यात दिसली. शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली. नाव आणि चिन्ह कोणाचे, हे 2023 आणि 2024 मध्ये निवडणूक आयोगाने कसे ठरवले? संघटनेतले बहुमत विश्वासाने मोजता येईना, म्हणून विधिमंडळातली डोकी मोजली. हा निर्णय बरोबर की चूक, यावर भांडण अजून संपलेले नाही आणि मी इथे ते उकरत नाही. मला दिसते ते एवढे की ज्या पक्षाची सभासद यादी कागदावरही भरवशाची नसते, तो पक्ष फुटीच्या दिवशी आमदारांचा होतो. ‘पक्ष नेत्यांचे आहेत म्हणून आम्ही जात नाही’ म्हणणाऱ्याने कार्यकारणभाव उलटा लावला आहे. भरवशाचा सभासदच नाही म्हणून नेत्यांचे फावते.

याचे आणखी कडू उदाहरण म्हणजे मधली चार वर्षे. मुंबई, पुणे, ठाणे या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी 2026 मध्ये. एवढा काळ हजारो कोटींचे अंदाजपत्रक प्रशासक मांडत होते आणि मंजूरही तेच करत होते. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. रस्त्यावर कोण उतरले? आमदारांना नगरसेवक नकोच होते, मधला वाटेकरी गेला. ओरडायला हवे होते ते पक्षांच्या प्रभागातल्या शाखांनी. त्या जिवंत असत्या तर वरच्यांची झोप उडाली असती.

मग शाखेत जाऊन करायचे काय? इथे नव्या माणसाचा पहिला भ्रमनिरास होतो. त्याला वाटते आपण धोरणावर बोलू. हातात पडतात सतरंज्या. पण शाखेच्या कामात कंटाळवाणे आणि कळीचे असे दोन्ही एकाच वेळी असते. प्रारूप मतदारयादी आली की पक्षाने नेमलेला केंद्रस्तरीय प्रतिनिधी घरोघर ती पडताळून मयत, स्थलांतरित, दुबार नावे दाखवू शकतो. याद्यांतल्या गोंधळावर मोर्चे निघतात आणि वाहिन्यांवर रोज चर्चा झडतात, पण इमारतीतली चाळीस नावे तपासायला माणूस मिळत नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी यंत्रावर अभिरूप मतदान होते ते पोलिंग एजंटांसमोर. मतदान संपल्यावर किती मते नोंदली गेली याचा नमुना 17 सी दिला जातो तोही त्यांनाच. समाजमाध्यमावर टक्केवारीचा संशय घेणाऱ्या किती जणांनी हा कागद हातात घेतला आहे? सरकारी नोकरांना सेवानियमांमुळे पक्षात जाता येत नाही, त्यांची सुटका मान्य. खासगी कंपनीतल्या माणसाला, निवृत्ताला, दुकानदाराला, गृहिणीला कायद्याने कोणी अडवलेले नाही. कुठला पक्ष हे मी सांगणार नाही, पटेल तो निवडावा. पूर्ण पटणारा मिळणार नाही. निम्मा पटला तरी चालेल.

‘आणि एवढे करून तिकीट आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्यालाच दिले तर?’ पहिल्या खेपेला देतीलच, बहुतेक. निष्ठावंतांचे अश्रू हा आपल्याकडे निवडणुकीचा वार्षिक नाही तरी पंचवार्षिक सोहळा आहेच. रडण्यापेक्षा अर्जाच्या महिनाभर आधी शाखेची रीतसर बैठक घ्यावी, इतिवृत्त लिहावे, प्रभागातून दोन नावांचा ठराव करावा आणि तो शहराध्यक्षाकडे पोच घेऊन द्यावा. एबी फॉर्मवर सही वरचा माणूस करतो हे खरे. पण प्रभागातल्या प्रत्येक केंद्रात पहाटेपासून बसायला एजंट लागतात, बाहेर याद्या घेऊन टेबल टाकायला माणसे लागतात, दुपारनंतर राहिलेल्यांना काढायला जिन्याजिन्यांनी हिंडावे लागते, आणि त्यासाठी त्याच भागातली, लोकांनी दार उघडावे अशी माणसे लागतात. ती चाळीस-पन्नास माणसे ठरावावर सही करून बसली असतील, तर उपऱ्याला तिकीट देण्याआधी शहराध्यक्षाला निदान एक फोन त्यांना करावा लागतो.