उपाशी खासदार

फ्रान्सच्या संसदेत प्रश्न विचारून जे होत नाही ते जेवण सोडून होते, हे झाँ लासाल यांनी २००६ साली दाखवून दिले. पिरेनीजच्या डोंगरात, मेंढपाळाच्या घरात जन्मलेला हा माणूस १९७७ मध्ये, ऐन विशीत, लूर्दियोस-इशेर या आपल्या गावचा मेयर झाला. गावाची वस्ती दोनशेच्याही आत, त्यामुळे आपल्याकडचा सरपंचच म्हणा. २००२ मध्ये ते खासदार झाले.

त्यांच्या मतदारसंघात आकूस येथे तोयाल या जपानी मालकीच्या कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता. सारे खोरे त्यावर जगत होते. कंपनीने त्याच जिल्ह्यात, खाली लाकला नवा कारखाना काढायचे ठरवले. आज तिकडे दुसरा निघाला की उद्या इकडच्याला टाळे लागणार, अशी लासाल यांची खात्री झाली. ७ मार्चला त्यांनी अन्न सोडले आणि मुक्काम ठोकला तो थेट संसद भवनात. पत्रकार मंत्र्यांना जिथे गाठतात त्या दालनातल्या बाकावर हा सहा फुटांहून उंच गडी रोज बसून असे आणि मंत्री समोरून ये-जा करत. ३९ दिवसांत २१ किलो वजन उतरले, रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १४ एप्रिलला गृहमंत्री सार्कोझी यांच्या मध्यस्थीने करार झाला. आकूस सोडणार नाही, असे कंपनीने लिहून दिले.

कंपनीने कारखाना कुठे काढावा हे खासदाराच्या पोटावरून ठरावे का, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्याच वसंतातले दुसरे प्रकरण पाहा. सव्वीस वर्षांखालच्या नोकरदारांना पहिली दोन वर्षे कारण न देता काढून टाकण्याची मुभा मालकांना देणारा कायदा पंतप्रधान द व्हिलपँ यांनी राज्यघटनेच्या ४९-३ या कलमाच्या जोरावर, खालच्या सभागृहात मतदान न घेताच पुढे रेटला होता. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १० एप्रिलला तो गुंडाळावा लागला. म्हणजे आठवडाभरात सरकार दोनदा नमले, एकदा रस्त्यापुढे आणि एकदा उपोषणापुढे. सभागृहापुढे एकदाही नाही. १९५८ च्या राज्यघटनेने फ्रेंच खासदाराला माईक दिला, पण लगाम मंत्रिमंडळाच्याच हाती ठेवला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे लासाल यांना कळले ते उगाच नाही.

दुर्दैव असे की, पुढे त्यांना नाक दाबण्याचाच नाद लागला. उपोषणाआधी, २००३ मध्ये, मतदारसंघातल्या पोलिस तुकडीच्या प्रश्नावर त्यांनी भर सभागृहात, सार्कोझी बोलत असताना, आपल्या मुलुखाचे गाणे म्हटले होते, त्यात निदान मागणी तरी होती. २०१३ मध्ये त्यांनी लोकांचे ऐकायला म्हणून देशभर सुमारे ५,००० किलोमीटर पायपीट केली. २०१८ मध्ये तेव्हाच्या सरकारविरोधी आंदोलकांचे पिवळे जाकीट घालून सभागृहात आले, बैठक तहकूब झाली आणि दंड बसला. करमणूक झाली, कामगाराच्या पदरात काय पडले ते विचारू नये. तरी २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना ११ लाखांवर, म्हणजे ३.१३ टक्के मते पडली. पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो मागे राहिल्या. इतक्या लोकांना आपले गाऱ्हाणे या विक्षिप्त माणसाच्या तोंडून ऐकावेसे वाटले, यावर पॅरिसकरांनी हसण्याऐवजी विचार करायला हवा होता.

पण स्वतः लासाल यांनीच त्यावर पाणी ओतले. दुसऱ्या फेरीत ते आपल्या गावच्या मतदान केंद्रात कॅमेऱ्यासह गेले आणि मतपेटीसमोर उभे राहून ‘मी मत देणार नाही’ असे जाहीर केले. घटना परिषदेने त्या केंद्रातील सर्व मते रद्द ठरवली. गावात केंद्र तेवढे एकच होते.