मुलांची थट्टा कोणत्या भाषेत?

“आजकालच्या पोरांनी भाषा बिघडवली,” ही तक्रार आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येते. जर्मनीत म्यूनिकच्या उत्तरेस उंटरश्लाइसहाइम हे शहर आहे. तेथे आमच्या नात्यातील एक कुटुंब राहते. त्यांच्याकडे गेलो असता हीच तक्रार तेथील आईबापांकडूनही ऐकली. मुलगा मित्रांशी जे जर्मन बोलतो, ते त्यांना अर्धेही कळत नाही.

असे शब्द येतात कोठून? जर्मनीत लांगेनशाइट ही शब्दकोश काढणारी प्रकाशनसंस्था २००८ पासून, २०१९ चे वर्ष सोडून, दरवर्षी तरुणांचा एक शब्द निवडते. २०१३ चा शब्द होता ‘बाबो’, म्हणजे म्होरक्या. हा शब्द मूळचा जर्मन नव्हे. स्थलांतरित कुटुंबांच्या बोलीतून तो गल्लीत आला आणि हाफ्टबेफेल या रॅप गायकाच्या गाण्यामुळे देशभर पसरला. असे शब्द मुलांना आपले वेगळे वर्तुळ देतात. आईबाप तेच शब्द वापरू लागले की मुले ते टाकून देतात. काही मात्र टिकतात. मुंबईच्या रस्त्यावरचा ‘बिनधास्त’ १९९९ साली मराठी चित्रपटाचे नाव झाला. आज तो घराघरांत चालतो.

तेव्हा नव्या शब्दांनी भाषा मरत नाही. आपली क्रिओलदेखील ‘बिघडलेली फ्रेंच’ म्हणून हिणवली जात असे; २०१२ पासून ती मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत शिकवली जाते.

आम्हा शिक्षकांची खरी काळजी वेगळी आहे. आपली मुले नवे शब्द घडवतात, ते क्रिओलमध्ये. मराठीत ती आरती म्हणतात, झाकरी गातात, परीक्षा देतात; पण एकमेकांची थट्टा मराठीत करीत नाहीत. ज्या भाषेत मूल हसत नाही, रुसत नाही, ती भाषा देव्हाऱ्यात बसते. अंगणात येत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. शिवी किंवा कोणाला हिणवणारा शब्द आला तर जरूर थांबवा. निबंधात आणि वडीलधाऱ्यांसमोर कसे बोलावे, हेही शिकवा. परंतु मुलाने एखादा मराठी शब्द वाकवला, त्याला क्रिओलची शेपटी जोडली, तर लगेच डोळे वटारू नका. त्याने मराठीला खेळायला घेतले आहे. तिला त्याच्या हातून हिसकावून घेऊ नये.