रोजा तिचाही असतो

बायजाबाई कोते पाटील यांना शिर्डीत कोण ओळखत नाही? नवऱ्याचा संसार सांभाळून, तात्याला वाढवून ही बाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन साईबाबांना शोधत रानोमाळ हिंडायची. त्या माउलीला आपण हात जोडतो. घरातल्या बायजाबाईचे कष्ट मात्र मोजत नाही.

रमजानमध्ये हे जास्त जाणवते. रोजा दोघांचाही, पण सहेरीसाठी आधी उठते ती, इफ्तारची भजी तळते ती, मधल्या वेळात शेतावर किंवा कामावर जाते तीही तीच. सून म्हणून आल्यापासून नातवंडे होईपर्यंत हेच. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. हे काही एका धर्माचे दुखणे नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करतात, असे हजरत आयेशांना विचारले गेले. घरच्यांच्या कामात असतात, नमाजची वेळ झाली की निघतात, असे त्यांनी सांगितले. खजुराने रोजा सोडण्याची सुन्नत आपण आवर्जून पाळतो. मग ही का नाही? उद्या सहेरीचा गजर पुरुषाने लावावा, इफ्तारनंतरची भांडीही त्यानेच घासावीत.